मायामी खोऱ्याची पूरसंरक्षण सेवा: कामाला हात घालण्याआधीची पाच वर्षे

पूरसंरक्षण ही अशी सेवा आहे की ती घेणाऱ्याला आधी वापरून पाहता येत नाही. तटबंध उभा राहतो, त्यावर गवत उगवते, कोरडी वर्षे एकामागून एक निघून जातात, आणि आपण पैसे भरून नक्की काय घेतले हे एखाद्या मध्यरात्री पाणी दाराशी आल्यावरच कळते. त्यामुळे या सेवेचे परीक्षण करायचे असेल तर पूर येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. काम सुरू कसे झाले, त्याआधी कोणते प्रश्न विचारले गेले, पैसा कोणाकडून घेतला आणि जमीन कोणाची गेली, हे तपासावे लागते. या कसोटीवर मी ज्या योजनेकडे पुन्हा पुन्हा वळतो, ती अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मायामी खोऱ्याची. फ्लोरिडातील समुद्रकाठच्या मायामी शहराशी तिचा काही संबंध नाही. ग्रेट मायामी ही ओहायोच्या नैऋत्य भागातून वाहणारी नदी असून तिच्या काठावर डेटन, हॅमिल्टन, पिक्वा, ट्रॉय, मिडलटाउन अशी गावे आणि शहरे वसली आहेत. तेथील पूरनियंत्रणाचे बांधकाम १९१८ मध्ये सुरू झाले आणि १९२२ मध्ये पूर्ण झाले. ‘मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट’ ही संस्था ते काम आजही सांभाळते.

माझे मत आधीच नोंदवतो. मला माहीत असलेल्या पूरसंरक्षण योजनांपैकी इतकी नीट सुरू झालेली दुसरी योजना मला सापडलेली नाही. आणि तिचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बांधकामाच्या चार वर्षांआधी गेलेली पाच वर्षे, ज्यांत वरवर पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसले नसते.

या सेवेची गरज का पडली, हे समजायला डेटनची जागा पाहावी लागते. ग्रेट मायामी, स्टिलवॉटर आणि मॅड या तीन नद्या आणि वुल्फ क्रीक हा मोठा ओढा शहराच्या मध्यवस्तीजवळ थोड्याथोडक्या अंतरात एकमेकांना मिळतात. १७९६ मध्ये वसाहत झाली आणि १८०५ मध्येच पहिला मोठा पूर आला. पुढे १८४७, १८६६ आणि १८९८ मध्येही पाणी आले, आणि प्रत्येक वेळी लोकांनी तोच उपाय केला: तटबंध दुरुस्त करायचा, थोडा उंच करायचा आणि पुन्हा व्यवहाराला लागायचे. म्हणजे पूरसंरक्षणाची एक सेवा डेटनकडे आधीपासून होतीच, पण मागच्या पुराची पातळी हेच तिचे एकमेव माप होते. तटबंधाच्या आड सुरक्षित वाटू लागले म्हणून त्याच्या पायथ्याशी घरे, गोदामे आणि कारखाने वाढत गेले, नदीचे पात्र पुलांनी आणि भरावांनी आवळले गेले, आणि तटबंध जितका उंच होई तितके त्याच्यामागे बुडण्यासारखे अधिक काही साठत जाई.

२३ मार्च १९१३ हा ईस्टरचा रविवार होता. त्या दिवसापासून पाच दिवसांत खोऱ्यावर ९ ते ११ इंच पाऊस पडला. हिवाळा नुकताच सरलेला, जमीन आधीच पाण्याने तट्ट भरलेली, त्यामुळे पडलेल्या पाण्यातील बहुतेक सगळे थेट नदीत उतरले. २५ मार्चच्या सकाळी डेटनचे तटबंध ओसंडले आणि फुटले. मध्यवस्तीत काही ठिकाणी पाणी २० फुटांपर्यंत चढले, फुटलेल्या गॅसवाहिन्यांमुळे पाण्याने वेढलेल्या इमारतींना आगी लागल्या, आणि माणसे माळ्यावर आणि छपरांवर रात्री काढू लागली. संपूर्ण खोऱ्यात ३६० हून अधिक माणसे गेली. डेटनमधून वाहून गेलेला कमाल प्रवाह नंतर सुमारे अडीच लाख क्युसेक असा मोजला गेला. राइट बंधूंचे १९०३ चे विमान त्या वेळी पेट्यांत बांधून ठेवलेले होते, तेही गाळाखाली गेले. पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राची काचही पाण्यात भिजली, पण सुदैवाने फार थोडी बिघडली. ज्या शहराने माणसाला उडायला शिकवले त्याला स्वतःच्या नद्या आवरता आलेल्या नव्हत्या.

पुरानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जे घडले त्याला मी पूर्ण गुण देतो. पूर ओसरून दोन महिने व्हायच्या आत डेटनच्या नागरिकांनी पूरनियंत्रणाच्या अभ्यासासाठी वर्गणी काढली आणि २० लाख डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने गोळा केली. त्या मोहिमेचे घोषवाक्य होते, माळ्यावर अडकलेले असताना दिलेली वचने आठवा. मदत मागायला आलेल्या माणसाने नव्हे, तर स्वतःच माळ्यावर बसलेल्या शेजाऱ्याने केलेले हे आवाहन होते, आणि म्हणून ते लागू पडले. हा पैसा घरे बांधायला नव्हता किंवा तातडीने भिंत घालायलाही नव्हता; तो आधी विचार करायला दिलेला पैसा होता. पूरग्रस्त गावाने असे करणे किती अवघड असते, हे ज्यांनी चिखल उपसला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

त्या पैशातून आर्थर मॉर्गन या अभियंत्याची नेमणूक झाली. त्याच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती, पण पाण्याचा निचरा आणि जमीन सुधारणा या कामांचा मोठा अनुभव होता. पुढे १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष तोच झाला. डेटनच्या लोकांची अपेक्षा साधी होती: नदी खोल करा, रुंद करा, तटबंध उंच करा, आणि लवकर करा. मॉर्गनने मोजमाप करून दाखवले की १९१३ एवढे पाणी केवळ पात्रातून सुखरूप न्यायचे झाले तर शहराचा मोठा भाग नदीलाच द्यावा लागेल, आणि वर डेटन सुटले तरी खाली हॅमिल्टनवर तेच पाणी अधिक वेगाने जाऊन आदळेल. हे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एका गावाची भिंत ही पुष्कळदा खालच्या गावाचा पूर असते, आणि ज्या योजनेचा पहिला आराखडा फक्त एका गावाच्या नकाशावर काढलेला असतो तिच्याबद्दल मला नेहमी शंका वाटते.

म्हणून संपूर्ण खोरे एकच घटक मानून काम करायचे ठरले, आणि मग आकडे गोळा करण्याचा तो दीर्घ काळ सुरू झाला ज्याबद्दल लोक नाराजही झाले. पूर्व अमेरिकेतील मोठ्या वादळांच्या पावसाच्या नोंदी जमवल्या गेल्या, युरोपातील नद्यांच्या कित्येक शतकांच्या पूरनोंदी पाहिल्या गेल्या. मागचा सर्वांत मोठा पूर कितीचा होता, हा जुन्या तटबंधांचा प्रश्न होता. या अभ्यासाचा प्रश्न मात्र असा होता की अशा हवामानात आणि अशा भूभागावर जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकते. उत्तर म्हणून १९१३ च्या पुरात आणखी सुमारे ४० टक्के भर घालून रचना करण्याचे ठरले. हा ४० टक्क्यांचा जादा भाग म्हणजे या सेवेतील सर्वांत प्रामाणिक कलम आहे असे मी मानतो, कारण आपल्याला माहीत असलेला पूर हा शेवटचा किंवा सर्वांत मोठा नाही, हे त्यात आकड्यात मान्य केलेले आहे.

आता प्रत्यक्ष जे बांधायचे ठरले त्याकडे वळतो. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जलाशय येतो. मायामी खोऱ्यात पाच धरणे आहेत आणि पाचही कोरडी आहेत. जर्मनटाउन, इंग्लवूड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन ही त्यांची नावे. ग्रेट मायामीवर एक आणि तिच्या उपनद्यांवर व ओढ्यांवर बाकीची. प्रत्येक धरण म्हणजे दरीत आडवा घातलेला मातीचा प्रचंड बांध आणि त्याच्या तळाशी काँक्रीटच्या कायम उघड्या मोऱ्या. काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन-चार. रोजचा प्रवाह या मोऱ्यांतून जणू धरण नाहीच असा निघून जातो. पूर आला की मोऱ्यांच्या तोंडातून मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले बांधामागच्या शेतांवर पसरते, आणि पाऊस थांबल्यावर काही दिवसांत आपोआप ओसरते. मोऱ्यांचा आकार असा ठरवला आहे की पुढे सोडलेले पाणी खालच्या गावांच्या सुधारलेल्या पात्रात बसावे; डेटनचे पात्र सुमारे १,२०,००० क्युसेकसाठी तयार करण्यात आले. अडीच लाखांच्या पुरासमोर हा आकडा तोकडा दिसतो, पण मधली तफावत वरच्या शेतांवर काही दिवस थांबून राहते, आणि सगळी रचना या थांबण्यावरच उभी आहे. ही कल्पना अगदी नवी नव्हती. फ्रान्समध्ये लोआर नदीवर पिने येथे १७११ मध्ये प्रवाह अडखळवणारा असा एक बांध घातला गेला होता. पण संपूर्ण खोऱ्यासाठी पाच बांधांची साखळी आणि त्यांच्या जोडीला सुमारे ५५ मैलांचे तटबंध, हे प्रमाण नवे होते.

दरवाजे नसणे हा निर्णय मला या रचनेचा प्राण वाटतो. दरवाजे असलेल्या धरणावर पुराच्या रात्री कोणीतरी निर्णय घ्यायचा असतो: किती सोडायचे, केव्हा सोडायचे, आत्ता धरून ठेवले तर उद्या जागा उरेल का. तो निर्णय घेणारा माणूस कितीही जाणता असला तरी अंधारात, अपुऱ्या माहितीवर आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या दबावाखाली असतो. शिवाय पाणी साठवण्याचा मोह वेगळाच असतो. सिंचनासाठी, विजेसाठी, नौकाविहारासाठी धरण भरून ठेवा असे म्हणणारे कोरड्या वर्षांत नेहमीच अधिक आणि मोठ्या आवाजात बोलणारे असतात, आणि भरलेल्या धरणात पुराला जागा नसते. मायामी खोऱ्यात हे दोन्ही धोके काँक्रीटच्या एका साध्या भोकाने दूर केले आहेत. येथे वीज गेली तरी चालते, कर्मचारी पोहोचला नाही तरी चालते, आणि सरोवराचा मोह धरायला सरोवरच नाही.

मोरीतून बाहेर पडणारे पाणी भयंकर वेगाचे असते आणि ते धरणाचा पायथाच खणून काढू शकते. यासाठी बाहेरच्या तोंडाशी अशी रचना करण्यात आली की वेगवान पाणी एका ठिकाणी एकदम उसळून उंच व्हावे आणि त्या उसळीत आपला जोर तेथेच गमावून पुढे संथ वाहावे. या जलउसळीचा छोट्या प्रतिकृतींवर अभ्यास करून निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले, आणि जलअभियांत्रिकीच्या अभ्यासात ते पुढे मोलाचे ठरले. आपल्या योजनेची गणिते, पावसाच्या नोंदी, बांधकामाचा अनुभव हे सगळे तांत्रिक अहवालांच्या मालिकेत छापून खुले करणारी पूरसंरक्षण संस्था विरळाच. लोकांच्या पैशाने केलेल्या अभ्यासावर लोकांचा हक्क असतो, हे या संस्थेने न सांगता पाळले.

सगळे इतके सुरळीत झाले असे मात्र नाही. असे काम करायला कायदाच नव्हता. अनेक परगण्यांत पसरलेल्या खोऱ्यासाठी जमीन घेणारी, कर बसवणारी आणि धरणे बांधणारी एक संस्था कोणत्या अधिकाराने उभी राहणार, हा प्रश्न होता. ओहायोच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १९१४ मध्ये कॉन्झर्व्हन्सी कायदा संमत केला आणि त्यावर लगेच खटले सुरू झाले. विरोध मुख्यतः खोऱ्याच्या वरच्या भागातून होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बांध आमच्या शेतांत, बुडीत क्षेत्र आमचे, आणि वाचणार खालचे श्रीमंत डेटन, हे त्यांचे म्हणणे. त्यात मातीची धरणे फुटण्याची भीती मिसळलेली होती, आणि ती भीतीही पोकळ नव्हती. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउनच्या वर असलेले मातीचे धरण १८८९ मध्ये फुटून २,२०० हून अधिक माणसे मेल्याला तेव्हा पंचवीसच वर्षे झाली होती. १९१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, त्याच वर्षी जूनमध्ये संस्था स्थापन झाली, आणि नऊ परगण्यांतून प्रत्येकी एक असे न्यायाधीश मिळून बनलेल्या न्यायालयापुढे आराखड्याची सुनावणी होऊन १९१६ च्या अखेरीस त्याला मंजुरी मिळाली. ज्यांना हा विलंब वाटतो त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्याची जमीन जाणार आहे त्याला आपले म्हणणे भर न्यायालयात मांडता आले आणि अभियंत्यांना आपला प्रत्येक आकडा तेथे सिद्ध करावा लागला. त्या सुनावण्यांत आराखडा अधिक पक्का झाला असे मला वाटते.

पैशाची पद्धतही तपासण्यासारखी आहे. संघराज्याकडून किंवा राज्य सरकारकडून बांधकामासाठी पैसा आलेला नाही. कर्जरोखे विकून रक्कम उभी करण्यात आली, आणि ते फेडण्यासाठी पूरसंरक्षणामुळे ज्या मालमत्तेला जितका लाभ होणार तितका भार तिच्यावर बसवण्यात आला. त्यासाठी हजारो मालमत्तांची एकेक करून पाहणी करून, १९१३ मध्ये तेथे पाणी किती चढले होते आणि योजनेनंतर किती टळेल याचा अंदाज बांधण्यात आला. एकूण खर्च तीन कोटी डॉलरहून अधिक झाला. या पद्धतीचा मोठा गुण असा की जो पैसे देतो त्याला आपण कशासाठी देतो हे कळते आणि तो हिशेब मागतो. दोष असा की जो गरीब आहे आणि नदीकाठी राहतो, त्याचा लाभ कागदावर सर्वांत मोठा दिसतो.

आता बांधकामाच्या आरंभाविषयी. अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली होती. मजूर, पोलाद, कोळसा, रेल्वेचे डबे, सगळ्याची टंचाई होती आणि भाव रोज बदलत होते. अशा वेळी बाहेरच्या कंत्राटदारांवर विसंबण्याऐवजी संस्थेने स्वतःच यंत्रे घेऊन, स्वतःचे मजूर लावून काम करण्याचा निर्णय घेतला. ज्या संस्थेने तोवर एक खड्डाही खणला नव्हता तिच्यासाठी हे धाडस होते, पण त्याचा एक फायदा झाला: जमीन खणल्यावर पायथ्याशी अपेक्षेपेक्षा वेगळी माती निघाली तर रचना बदलताना कराराच्या कलमांवर भांडत बसावे लागणार नव्हते.

पाचही धरणांच्या ठिकाणी कामगारांसाठी वसाहती उभारण्यात आल्या. लाकडी घरे, एकट्या मजुरांसाठी बराकी, भोजनगृह, शाळा, प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग, स्वच्छतेची व्यवस्था, आणि वसाहतीचा कारभार पाहणारी रहिवाशांची मंडळे. त्या काळी धरणावरचा मजूर तंबूत किंवा पालात राहत असे आणि काम संपले की वाट फुटेल तिकडे जात असे. येथे मुले शाळेत जाऊ लागली म्हणून बाप कामावर टिकले, आणि बाप टिकले म्हणून युद्धाच्या टंचाईतही काम चालू राहिले. मजुरांची सोय हा योजनेचा शोभेचा भाग नव्हता. धरणाच्या गुणवत्तेशी तिचा थेट संबंध होता.

बांधकामाची रीत आज कोणी वापरणार नाही. आधी मोऱ्या बांधून नदी त्यांतून वळवायची आणि मग उरलेल्या दरीत भराव घालायचा, हा क्रम आजही ओळखीचा आहे. पण भराव थर घालून आणि रोलर फिरवून केला गेला नाही. तो पाण्याने वाहून आणला गेला. खाणीतील माती जोरदार फवाऱ्यांनी आणि पंपांनी नळांतून आणून बांधाच्या दोन्ही कडांना सोडायची. जड वाळू आणि दगडगोटे कडेलाच बसतात, आणि बारीक चिकण माती पाण्याबरोबर मधल्या डबक्यात जाऊन हळूहळू खाली बसते व तिचा न झिरपणारा गाभा तयार होतो. रीत स्वस्त आणि वेगवान होती, पण गाभ्याची माती पुरेशी घट्ट होण्याआधी भराव वाढवला तर आतला चिखल बाहेरच्या कडा ढकलून देऊ शकतो. कॅलिफोर्नियातील कॅलाव्हेरस धरणाची एक बाजू अशाच रीतीने बांधकाम चालू असताना मार्च १९१८ मध्ये घसरली, म्हणजे मायामीची कामे नुकतीच सुरू झालेली असताना. मायामीच्या पाचही बांधांनी तो धोका पार केला. तरीही याच रीतीने आज धरण बांधावे असे मी म्हणणार नाही. आज थराथराने दाबलेला भराव हाच विश्वासाचा मार्ग आहे.

या योजनेची किंमत मोजणाऱ्यांत ऑस्बोर्न गावाचे नाव पहिले घ्यावे लागते. हफमन धरणाच्या बुडीत क्षेत्रात ते येत होते. संस्थेने गाव विकत घेतले, आणि रहिवाशांनी पुढाकार घेऊन सुमारे ४०० घरे अक्षरशः उचलून, चाकांवर आणि लाकडी ओंडक्यांवर चढवून, काही मैल दूर फेअरफिल्ड गावाच्या शेजारी नेली. रेल्वेचे मार्गही हलवावे लागले. १९५० मध्ये दोन्ही गावे एक होऊन फेअरबॉर्न हे गाव झाले. घर सोबत नेता आले, शेजारी टिकले, आणि पुनर्वसन विखुरलेले झाले नाही, एवढे तरी त्या लोकांच्या पदरात पडले. पण गावाची जागा गेली ती गेली, आणि ज्यांचा त्यात काही दोष नव्हता त्यांनी डेटनसाठी ती सोडली, हे या परीक्षणात लिहिले नाही तर ते अपुरे राहील.

शेतकऱ्यांच्या बाबतीत योजनेने अधिक शहाणपणा दाखवला. धरणे पूर्ण भरली तर सुमारे ३५,००० एकर जमीन पाण्याखाली जाऊ शकते. संस्थेने यातील पुष्कळ शेते विकत घेतली आणि नंतर ती पुन्हा शेतीसाठी विकली, मात्र त्यावर पुराचे पाणी पसरवण्याचा हक्क कायमचा स्वतःकडे ठेवून आणि ठरावीक पातळीखाली घरे बांधायला मनाई करून. तेथील मोठे पूर बहुतेक हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला येतात, म्हणजे उभे पीक फारसे नसते, आणि ओसरताना पाणी गाळ सोडून जाते. जमीन पडीक न ठेवता, शेतकरी न उठवता आणि तरीही पुराला जागा राखून ठेवता येते, हे येथे कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे दिसते. मी पाहिलेल्या अनेक आराखड्यांत बुडीत क्षेत्र म्हणजे नकाशावरचा एक निळा डाग असतो. येथे त्या डागात मका आणि गहू उभा राहतो.

सेवा वापरात कशी ठरली, हे थोडक्यात सांगता येते. १९२२ पासून या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पाणी अडवले आहे. यातील बहुतेक वेळा खालच्या गावांतील लोकांना त्याची खबरही लागली नसेल. जानेवारी १९५९ मध्ये मोठा पूर आला आणि व्यवस्था पूर्ण कसोटीला लागली, तेव्हाही डेटन कोरडे राहिले.

उणिवा आहेत. तटबंध, काँक्रीटच्या मोऱ्या आणि तटबंधातून जाणारे नळ आता शंभरी पार केलेले आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार मालमत्ताधारकांवर वाढवण्याच्या प्रस्तावावरून अलीकडेच खोऱ्यात मोठा असंतोष झाला. मला दोन्ही बाजू पटतात. ज्यांनी पूर पाहिलेलाच नाही त्यांच्याकडून पुरासाठी पैसे मागणे अवघड असते, आणि त्यांनी पूर पाहिला नाही याचे कारण तीच योजना असते. पण लाभाचे मूल्यांकन नव्या घरांच्या भावांवर बसवताना तितक्याच बारकाईने आणि तितक्याच उघडपणे समजावून सांगायला हवे होते, जितक्या बारकाईने १९१६ च्या सुनावण्यांत सांगितले गेले होते. दुसरी उणीव माहितीची आहे: उघड्या मोऱ्यांची ही रचना इतकी शांतपणे काम करते की धरणाच्या सांडव्यापलीकडचा पूर आला तर काय होईल, हे खालच्या गावांतील सर्वसामान्य माणसाला ठाऊक असेलच असे नाही. ४० टक्क्यांचा जादा भाग हा मोठा आधार आहे, पण तोही एक आकडाच आहे, आणि बदलत्या पावसाच्या काळात तो पुन्हा तपासला गेला पाहिजे.

ज्याच्या खोऱ्यात नुकताच पूरनियंत्रणाचा फलक लागला आहे, यंत्रे आली आहेत आणि नारळ फुटला आहे, त्याने या सेवेकडून काय घ्यावे, असे मला कोणी विचारले तर मी त्याला आधी प्रश्न विचारायला सांगेन. ही भिंत किती पाण्यासाठी आहे आणि तो आकडा कोठून आला? त्याहून अधिक पाणी आले तर ते कोठे जाईल? खालच्या गावाला हे विचारले आहे का? भिंतीच्या आतल्या बाजूला पडलेला पाऊस नदीत कसा जाणार? दरवाजे असतील तर रात्री दोन वाजता ते कोण उघडणार? ज्याची जमीन गेली त्याला कोणत्या दिवशी पैसे मिळाले, काम सुरू होण्याआधी की नंतर? डेटनच्या लोकांना यातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे १९१८ मध्ये पहिली यंत्रे येण्याआधी मिळालेली होती.

प्रत्यक्ष पाहायला जायचे असेल तर इंग्लवूडचे धरण निवडावे. पाचांत ते सर्वांत मोठे आहे, सुमारे ४,७०० फूट लांब आणि ११० फूट उंच, आणि त्याच्या माथ्यावरून ४० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. मोटारीने जाणाऱ्याला आपण धरणावर आहोत हे कळतही नाही, कारण एका बाजूलाही पाणी दिसत नाही. दोन्हीकडे झाडी आहे, खाली उद्यान आहे, पायवाटा आहेत. मी तेथे एकदा भर उन्हाळ्यात उभा राहिलो आणि एकदा हिवाळ्याच्या अखेरीस, सतत दोन दिवस पाऊस झाल्यानंतर. दुसऱ्या वेळी वरच्या बाजूची झाडे बुंध्यापर्यंत गढूळ पाण्यात होती, पाणी हळूहळू चढत होते, आणि खालच्या बाजूला मोऱ्यांच्या तोंडाशी ते एकदा मोठ्याने उसळून पुढे स्टिलवॉटरच्या पात्रातून शांतपणे डेटनकडे जात होते. धरणावर मला एकही कर्मचारी दिसला नाही.